साहेबांचे चार ग्रॅम

“घासू नकोस ते!”

धाकटी इतक्या जोरात ओरडली की नातीच्या हातातलं फडकं गळून पडलं. धाकटी आता नावापुरतीच धाकटी. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्यालाही जमाना लोटलेला. पण माहेरी शेंडेफळ म्हणून जे नाव चिकटलं ते थोरली बहीण जाऊनही सुटलं नाही. नात बिचारी आजीचं टेबल आवरत होती. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं पितळेचं एक किलोचं वजन तिच्या नजरेस पडलं. काळवंडलेलं, मधूनमधून हिरवट. आजीला खूश करावं म्हणून तिनं घासायची पावडर आणली. एवढाच तिचा गुन्हा.

“केवढ्यानं ओरडतेस गं! चकचकीत करून देत होते.”

“कोणी सांगितलंय चकचकीत करायला? ठेव खाली.”

नात गाल फुगवून आतल्या खोलीत गेली. धाकटीनं वजन दोन्ही हातांनी जवळ ओढलं. गार होतं. त्याच्या माथ्यावरची गोल मूठ अंगठ्याखाली अजून ओळखीची वाटली. या वजनाचं नाव साहेब. नाव बाबांनी ठेवलेलं, आणि बाबांना जन्मभराचा धडा शिकवला तोही यानंच.

बाबा तराजूवाले. म्हणजे तराजू दुरुस्त करणारे, विकणारे नव्हेत. कोणी विकणारे म्हटलं की ते चिडायचे. घराची पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या घर, आणि दोहोंच्या मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे आईच्या फोडणीचा वास, पलीकडे मशीनच्या तेलाचा आणि वितळत्या शिशाचा. छताच्या आकड्यांना दहाबारा तराजू टांगलेले असायचे. पुढचं दार उघडलं की वारा आत यायचा आणि सगळी पारडी हळूच हलायची. साखळ्यांची ती किणकिण धाकटीला अजून अर्धवट झोपेत ऐकू येते. घड्याळाच्या गजरानं ती कधी वेळेवर उठली नाही, पण त्या किणकिणीनं रोज उठायची.

बाजारातल्या तीसेक दुकानांची वजनं बाबांच्या हाताखालून जायची. काम सांगायला सोपं. लोखंडी वजनाच्या बुडाशी एक खळगा असतो, त्यात शिसं भरलेलं असतं. वापरून वजन झिजलं की शिसं घालायचं, जास्त भरलं तर छिन्नीनं खरवडून काढायचं. पण कमी की जास्त हे ठरवायला एक खरं वजन लागतं, आणि ते खरं वजन म्हणजे साहेब. तराजूच्या एका पारड्यात गिऱ्हाइकाचं वजन, दुसऱ्यात साहेब. “साहेब खोटं बोलत नाहीत,” बाबा म्हणायचे आणि छिन्नी उचलायचे.

साहेब आजोबांकडून आलेले. सोबत अर्ध्या किलोची त्यांचीच दोन भावंडं, फेल्ट लावलेल्या लाकडी पेटीत. पेटी देताना आजोबांनी बजावलं होतं, “हातात धरायचं ते फडक्यानं. घासायचं कधीच नाही. काळं पडलं तर पडू दे.” बाबांनी काही वर्षं पाळलंही. मग रस्त्यापलीकडे एक नवं दुकान निघालं. काचेचा दर्शनी भाग, निकेलचे झगझगीत तराजू. एक गिऱ्हाईक बाबांच्या टेबलावर वाकून म्हणालं, “काय हो, हा कोळसा कुठून आणलात?” सगळे हसले. बाबाही हसले. त्याच संध्याकाळी त्यांनी पावडरचा डबा आणला.

तेव्हापासून रोज दुकान बंद करताना साहेबांची आंघोळ. ओल्या फडक्यावर चिमूटभर पावडर, गोल गोल, मग कोरडं फडकं. इतकं लख्ख की त्यात बाबांचं नाक भोपळ्याएवढं दिसायचं. भावंडं मात्र पेटीतच राहिली, कारण ती कोणाला दिसतच नव्हती.

साहेबांची आंघोळ झाली की सगळ्यांनी टेबलाशी बसायचं. ताटं मांडलेली असायची, पण उपडी. हा आमच्याच घरचा नियम म्हणून आई पाहुण्यांना थोडं लाजत सांगायची. दिवसभरातलं आपलं एक तरी पाप देवासमोर, सगळ्यांच्या देखत बोलायचं आणि मग आपलं ताट सुलटं करायचं. पश्चात्ताप ही वर्षातून एकदा रडून उरकायची गोष्ट नाही, तो रोजचा, हे बाबांचं म्हणणं. “दात रोज घासता ना? मग?”

आईची कबुली ऐकण्यासारखी असायची. “प्रभू, आज दुधात पाणी घातलं आणि थोरलीला सांगितलं की दूधच पातळ आलं. क्षमा कर.” थोरली मिटल्या डोळ्यांनीच म्हणायची, “मला वाटलंच!” धाकटीचं पाप बहुधा अभ्यासाचं असायचं, कारण ते स्वस्तात सुटायचं. शेवटी बाबा. त्यांचा आवाज खर्जातला, शब्द घोटलेले. “प्रभू, आज मी रागावलो. प्रार्थनेत मन लागलं नाही. अंतःकरणात गर्व आला. क्षमा कर. आमेन.” ताट सुलटं. रोज हेच तीन, याच क्रमानं. पाळकसाहेब एकदा जेवायला होते, ते इतके भारावले की पुढच्या उपासनेत त्यांनी सगळ्या मंडळीला बाबांचं उदाहरण दिलं. बाबा मान खाली घालून बसले होते, पण कान लाल झाले होते.

आई तशी भारावणारी नव्हती. “अहो, तुमची पापंसुद्धा साहेबांसारखीच. रोज तीच, घासून लख्ख.”

“मग तुझ्यासाठी नवीन करू काय?”

“करा की. निदान ऐकायला तरी बरं.”

थोरली लग्न होऊन गेली आणि टेबलाशी तीनच ताटं उरली. धाकटी कॉलेजात गेली. वर्गात मुली चारच, त्यातली एक ही. बाबांचा ऊर भरून यायचा. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत तराजूचा धडा आला. प्रयोगशाळेच्या मास्तरांनी सांगितलं, “प्रत्येकानं बाजारातलं किंवा घरचं एक वजन आणा. आपल्या काचेच्या पेटीतल्या वजनाशी ताडून बघू. मजा येईल.”

बाबांनी साहेबांना स्वतः टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि दारापर्यंत पोहोचवायला आले. “साहेब निघाले कॉलेजला. मास्तरांना म्हणावं, तुमचंच वजन तपासून घ्या आमच्याकडून!”

प्रयोगशाळेत टेबलावर पंधरा वजनं मांडली होती. गंजकी, कानकोपरे उडालेली, तेलकट. त्यांत साहेब राजासारखे चमकत होते. मास्तरांनी कौतुकानं त्यांनाच आधी उचललं. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात काचेच्या पेटीतलं वजन. काटा सुटला आणि साहेब वर गेले.

मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा केलं. मग साहेबांच्या बाजूला छोटी वजनं घालायला लागले. एक ग्रॅम. दोन. तीन. चौथ्याला काटा मधोमध आला.

“किलोमागे चार ग्रॅम कमी! आणि चमक तर बघा लेकाची!” सगळा वर्ग खोखो हसला. मागून कोणी तरी ओरडलं, “कुठल्या दुकानातलं गं? सांगून ठेव, तिथं पाऊल टाकणार नाही!”

मास्तर हसत तिच्याकडे वळले. “खरंच, कोणाचं आहे हे?”

“शेजाऱ्यांचं,” धाकटी म्हणाली.

घरी आली तर बाबा दारातच. “काय म्हणाले मास्तर?”

“छान आहे म्हणाले.”

संध्याकाळी ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, “प्रभू, आज अभ्यासात टाळाटाळ केली.” ताट सुलटं केलं. दोन घास खाऊन ताट सारलं. आईनं विचारलं, “पोट बरं नाही का?” तिनं मान हलवली.

असे आठ दिवस गेले. मूर्ख नव्हती ती. हिशोब तिला पहिल्याच दिवशी कळला होता. साहेब हलके, म्हणजे साहेबांशी ताडलेलं प्रत्येक खरं वजन बाबांना जड दिसणार. बाबा छिन्नी घेणार आणि त्यातलं शिसं खरवडून काढणार. म्हणजे खरी वजनं बाबाच खोटी करत होते, प्रामाणिकपणे, जीव ओतून, किती वर्षं कोण जाणे. बाजारातून कोणीही किलोभर काही घेतलं की त्याच्या पिशवीत चार ग्रॅम कमी. दुकानदाराला पत्ता नाही, घेणाऱ्याला नाही. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा यायचा, पण त्यालासुद्धा साहेब इतके आवडायचे की स्वतःची पेटी न उघडता बाबांकडेच चहा पीत पीत सगळ्यांवर शिक्के मारून जायचा.

हे बाबांना सांगायचं कसं? ज्या माणसानं आयुष्यात स्वतःचं म्हणून एकच गोष्ट मिरवली, त्याला सांगायचं की तीच खोटी आहे? आणि न सांगावं तर रोज त्या टेबलाशी बसायचं, रोज ताट सुलटं करायचं. सातव्या दिवशी दुकानात बेकरीवाल्याचं वजन आलं. बाबांनी ते पारड्यात टाकलं, “जड झालंय,” म्हणाले आणि छिन्नी घेतली. शिशाचा एक चकचकीत कीस टेबलावर पडला. धाकटी पडद्याआडून बघत होती. तिला वाटलं, आता ओरडावं. ओरडली नाही.

आठव्या दिवशी दुपारी ती पडदा सारून बाहेर आली आणि एका दमात बोलून टाकलं. “बाबा, साहेब चार ग्रॅम हलके आहेत. कॉलेजात निघालं. मी खोटं सांगितलं होतं तुम्हाला.”

बाबांनी आधी हसून घेतलं. “तुमच्या कॉलेजचं वजन चुकलं असेल.”

“त्याच्यावर सरकारी मोहोर आहे.”

“मोहोर आमच्याकडेही मारतात. किती बघून मारतात ते मला माहीत आहे.”

“पेटीतली दोन काढा ना,” धाकटी म्हणाली. “अर्ध्या किलोची. त्यांना तुम्ही कधी घासलं नाहीत.”

ते शेवटचं वाक्य बोलली आणि तिच्याच लक्षात आलं की काय घडलंय. बाबांच्याही आलं असावं. कारण ते हसायचे थांबले, उठले, फळीवरून पेटी काढली. आत दोन वजनं, काळी ठिक्कर. फडक्यात धरून त्यांनी ती एका पारड्यात ठेवली. दुसऱ्यात साहेब. हात सोडला.

काळी जोडी शांतपणे खाली गेली. साहेब वर. लख्ख, सोन्यासारखे, आणि वर.

दारातून वारा आला, छताला टांगलेली पारडी किणकिणली. मग बाबा पावडरचा डबा उचलून बघायला लागले, जणू पहिल्यांदाच बघताहेत. “बारा वर्षं,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी साहेबांची आंघोळ झाली नाही. तिघं टेबलाशी बसले. आईला अजून काही माहीत नव्हतं. तिनं आपलं पाप सांगितलं, ताट सुलटं केलं. बाबांनी सुरुवात केली, “प्रभू, आज मी रागावलो. प्रार्थनेत...” आणि आवाज थांबला.

आई डोळे किलकिले करून म्हणाली, “विसरलात? गर्व राहिला.”

“थांब,” बाबा म्हणाले. “आज मी रागावलोच नाही.” मग अगदी वेगळ्या, फाटक्या आवाजात, अडखळत बोलायला लागले. तो घोटलेला सूर कुठल्या कुठे गेला होता. “प्रभू, माझ्या बाबांनी घासू नको म्हणून सांगितलं होतं. लोक हसले म्हणून मी घासलं. रोज घासलं. त्यापायी साऱ्या बाजाराची वजनं मी खोटी केली. आणि रोज इथं बसून तुला तीन पापं सांगत होतो, ती... ती पण मी घासूनच आणत होतो. तुझ्यासमोर बरी दिसावीत म्हणून. आमेन म्हणवत नाही मला.”

ताट त्यांनी सुलटं केलं नाही.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण ती आईच होती. पावाचा तुकडा तिनं त्यांच्या पुढ्यात धरला. “ताट सुलटं करायचं नसेल तर नका करू. हातावर खा. उपाशी राहून काय साहेबांचं वजन वाढणार आहे?”

मग धाकटीची पाळी. तिला वाटलं होतं, आज आपल्याला कोण विचारतंय. पण दोघंही डोळे मिटून वाट बघत होते.

“प्रभू, मास्तरांनी विचारलं हे वजन कोणाचं, तर मी म्हटलं शेजाऱ्यांचं.” “बाबांचं म्हणाले नाही. लाज वाटली मला बाबांची.”

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. तिला आता काहीही चाललं असतं, एक थप्पडसुद्धा.

“कुठल्या शेजाऱ्यांचं म्हणालीस?” त्यांनी विचारलं. “डावीकडच्या का उजवीकडच्या?”

“बाबा!”

“उजवीकडचा आधीच बदनाम आहे, त्याच्यावर आणखी नको.” आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना कुठून तरी कळलं आणि ते धावत आले. भला माणूस. म्हणाले, “देवाजवळ कबूल केलंत ना? त्यानं क्षमा केली. आता बाजारात बभ्रा कशाला? मंडळीचंही नाव आहे.”

“पाळकसाहेब,” बाबा म्हणाले, “देवाचे चार ग्रॅम गेले नाहीत हो.”

आणि ते निघाले. एका पिशवीत शिशाचे तुकडे, पळी आणि स्टोव्ह, दुसऱ्यात ती काळी जोडी. दुकानामागून दुकान. प्रत्येक ठिकाणी तेच: “तुमची वजनं माझ्यामुळे हलकी झालीत. मी भरून द्यायला आलोय.” बेकरीवाला हसला आणि म्हणाला, चार ग्रॅमची कसली आलीय एवढी बोंब. मटणवाल्यानं स्टूल पुढे केलं. किराणावाला मात्र संतापला. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी ऐकलं होतं. “तुमचा पश्चात्ताप तुमच्या घरी करा ना! माझ्या दुकानात कशाला आणता? उद्या सगळे म्हणतील मी वजनात मारतो!” बाबा रस्त्याकडे वळले आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, “यांचा दोष नाही. माझा आहे. मी तराजूवाला.” त्यापेक्षा न आलेले परवडले असते, असं किराणावाल्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

सरकारी कचेरीतही गेले. तिथल्या कारकुनानं कागद पुढे ओढला. “तक्रार कोणाविरुद्ध?”

“माझ्याच.”

“असा अर्ज नसतो,” कारकून म्हणाला आणि कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवसांनी तपासनीस स्वतः आला, या खेपेला आपली पेटी घेऊन, आणि चहाला नको म्हणाला.

धाकटीची फेरी त्या मानानं छोटी. प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून तिनं मास्तरांना सांगितलं, “सर, ते वजन शेजाऱ्यांचं नव्हतं. माझ्या बाबांचं होतं.” मास्तर प्रयोगाच्या वह्या तपासत होते. मान वर करून म्हणाले, “बरं. मग आता त्याचं काय केलं बाबांनी?” तिनं सांगितलं. मास्तर ऐकता ऐकता वह्या बाजूला सारून बसले. शेवटी म्हणाले, “त्यांना विचार, मी भेटायला आलो तर चालेल का.”

सगळी दुकानं फिरायला बाबांना नऊ दिवस लागले. नऊ दिवस त्यांनी हातावर खाल्लं. दहाव्या दिवशी संध्याकाळी येऊन बसले, म्हणाले, “प्रभू, किराणावाल्याला मी मनातल्या मनात शिवी दिली. सकाळी जाऊन सांगतो त्याला.” आणि ताट सुलटं केलं.

“अहो, शिवी दिलेली जाऊन सांगू नका,” आई घाबरून म्हणाली. “त्याला ऐकूसुद्धा आली नाही ती!”

निम्मं काम गेलं, हे सांगायलाच हवं. रस्त्यापलीकडच्या काचेच्या दुकानाकडे गेलं. काही जण वर्षभरानं परत आले, काही आलेच नाहीत, किराणावाला तर कधीच नाही. बाबा त्याबद्दल कुरकुरले, आणि संध्याकाळी त्या कुरकुरीची कबुलीही दिली. त्यांच्या कबुलीजबाबांना आता ना सूर होता ना क्रम. कधी एकच वाक्य, कधी नाव-गाव-वेळेसकट लांबलचक, कधी इतकं क्षुल्लक की धाकटीला हसू आवरायचं नाही. पण रोज वेगळं. पाळकसाहेब पुन्हा जेवायला आले तेव्हा भारावले नाहीत. जरा अवघडलेच. मग स्वतःचं ताट धरून तेही काही तरी बोलले. ते आम्ही ऐकलं नाही असं आईनं जन्मभर सांगितलं.

साहेबांना भर घालून नीट करता आलं असतं. बाबांनी केलं नाही. खरं वजन म्हणून आता काळी जोडी टेबलावर आली आणि साहेब वरच्या फळीवर गेले. रोज सकाळी दार उघडण्याआधी बाबा त्यांना खाली काढायचे, एका पारड्यात त्यांना आणि दुसऱ्यात जोडीला ठेवायचे आणि हात सोडायचे. साहेब वर. “बघितलं?” कोणाला म्हणायचे देव जाणे. मग साहेब परत फळीवर, आणि दुकान सुरू. वर्षामागून वर्षं. साहेबांवर हळूहळू काळोखी चढत गेली. शेवटच्या आजारात बाबांचे हात उचलेनात, तेव्हा हे काम धाकटी करायची. कॉलेजात शिकवायला जायच्या आधी, घाईघाईत. बाबा आतून पलंगावरून विचारायचे, “गेले का वर?”

“गेले, बाबा.”

“हं. उघड मग.”

... बाहेर ऊन कलायला आलं होतं. धाकटीनं साहेबांना कागदांवर परत ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि टेबलावर ताटं मांडली. उपडी. मुलगा आणि सून यायला अजून वेळ होता. नातीला हाक मारली. नात आली, पण गाल अजून फुगलेलेच.

“बस,” धाकटी म्हणाली. डोळे मिटले. आयुष्यभर तिला या जागी घाम फुटायचा. अडुसष्टाव्या वर्षीही फुटला. “प्रभू, आज पोर माझं टेबल आवरत होती, आणि मी तिच्यावर वस्सकन ओरडले. तिची चूक नव्हती. तिला काही सांगितलंच नव्हतं मी, साहेबांचं. एवढी मोठी झाली तरी नाही सांगितलं. बाबांचं नाव खाली जाईल असं वाटत राहिलं.” हे तिला आत्ता, बोलता बोलताच कळत होतं. “म्हणजे अजूनही मी ते शेजाऱ्यांचंच म्हणत होते.”

नातीनं एक डोळा उघडला. “कुठले शेजारी?”

“सांगते,” धाकटी म्हणाली आणि आपलं ताट सुलटं केलं. “आधी तुझं बोल.”

“मी मनात तुला खडूस म्हटलं.”

“मोठ्यानं म्हणाली असतीस तरी चाललं असतं. कर सुलटं. आणि जा, साहेबांना घेऊन ये. फडक्यात धर.”